दापोलीच्या सहलीत पेन-जलरंगाची वही: रंग जागेवर लावावेत की मुक्कामी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही नाशिकहून दापोलीला निघतोय. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. मुक्काम मुरुडला. तिथून आसूदचं केशवराजाचं देऊळ, हर्णै बंदर आणि आंजर्ले गाव एवढं नक्की आहे. यावेळी फोटोंच्या भरवशावर न राहता स्केचची वही न्यायची आहे आणि ती भरून आणायची आहे.

शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या. मग बँकेत लागले आणि कुंचला सुटला तो सुटलाच. मागच्या वर्षी परत सुरू केलं. रविवारी सकाळी गोदाघाटावर जाऊन बसते, आधी पेनने काढते, मग वरून जलरंगाचा हलका हात देते. सुंदरनारायणाच्या बाजूने नदीकडे बघत दोन तास बसले तरी मला कोणी उठवत नाही. सहलीत हे जमणार नाही. गाडी थांबली की दर्शन, फोटो, चहा आणि परत गाडी. एका ठिकाणी फार तर वीस मिनिटं मिळतील. तेवढ्यात रंगापर्यंत पोचायचं कसं? की जागेवर नुसत्या रेघा काढून घ्याव्यात आणि रात्री खोलीवर रंग भरावेत?

दुसरी काळजी दमट हवेची. पावसाळ्यात आमच्या घाटावरसुद्धा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळायला वेळ लागतो, कोकणात तर विचारायलाच नको. ओल्या पानावर वही मिटायची वेळ आली की पलीकडच्या पानाचं वाटोळं होतं. माझ्याकडे ए-फाइव्ह आकाराची, ३०० जीएसएमची (म्हणजे जाड कागदाची), कोल्ड प्रेस म्हणजे खरखरीत पोताची वही आहे आणि पॉइंट थ्रीचं, म्हणजे बारीक टोकाचं, ड्रॉइंग पेन. कोणी सांगतं पातळ कागद घे, कोणी सांगतं कापसाचा कॉटन कागदच घे.

जीव अडकलाय तो आंजर्ल्यात. सासूबाईंचं माहेर तिथलं. घर मागेच विकलं गेलं, आता दुसरं कुटुंब राहतं, पण वास्तू तशीच आहे म्हणतात. चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. त्या लग्न होऊन नाशिकला आल्या त्याला आता पन्नासच्या वर वर्षं झाली, आणि अलीकडे गुडघ्यांमुळे जाणं होतच नव्हतं. या वहीत ते घर यायलाच हवं. बाकीची पानं कशीही आली तरी चालतील.

रविवारची रेघ

सगळं जागेवर करा, अगदी रंगासकट. पुण्यात आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी पेठांतून, घाटांवर बसून काढतो, आणि ज्यांची चित्रं पुढे बसून बघावीशी वाटतात ती बहुतेक वेळा तिथल्या तिथे संपवलेली असतात. सिएटलमधल्या गॅब्रिएल कॅम्पनारिओ या पत्रकार-चित्रकाराने २००७ मध्ये अर्बन स्केचर्सचा गट सुरू केला. आज जगभर त्याच्या शाखा आहेत, मुंबई-पुण्यातही लोक जमतात. त्यांच्या जाहीरनाम्यातलं पहिलंच कलम असं आहे की आम्ही जागेवर बसून, समोर बघून काढतो. मला ते मनापासून पटतं. खोलीवर गेलं की हात फोनकडे जातो. आणि फोनमधला हिरवा हा फोनने ठरवलेला हिरवा असतो. सावलीतला रंग तर फोटोत काळाच होऊन जातो, प्रत्यक्षात तिथे जांभळट, निळसर काहीतरी असतं. ते डोळ्यांनाच दिसतं, तेही तिथे असेपर्यंतच.

वीस मिनिटं पुष्कळ झाली. पेन्सिल घरी ठेवा. आधी दोन मिनिटं नुसतं बघा आणि काय काढायचं नाही ते ठरवा. केशवराजाला गेलात की देऊळ, झाडी, पायऱ्या, ओढ्यावरचा साकव (छोटा पूल) सगळं एका पानात कोंबायला जाल तर अर्ध्यावर हाक येईल. नुसता साकव घ्या. पेनने आठ-दहा मिनिटं, मग तीन रंग, तीन छटा, बास. पानाचा तिसरा हिस्सा पांढरा राहू दे. कोऱ्या कागदालाही चित्रात काम असतं. वॉटरब्रश, म्हणजे दांड्यातच पाणी भरायचा कुंचला, असेल तर पाण्याचं भांडं लागत नाही, गाडीत बसूनही रंगवता येतं.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की चहाच्या वेळी मी काढणार. त्यांचा चहा यायला, प्यायला आणि पैसे द्यायला जो वेळ जातो तो तुमचा. रुसवेफुगवे होत नाहीत.

जांभा

गोदाकाठ, मी दापोली तालुक्यातच राहते. शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. इथल्या हवेत, इथल्या कागदावर आयुष्य गेलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रविवारची रेघ म्हणतात ते पुण्यात पूर्ण खरं आहे. देशावर उन्हाळ्यात वॉश लावता लावता वाळतो. इथे सप्टेंबरात सर येऊन गेली की पहिला हातच पंधरा मिनिटं ओला राहतो, दुसरा त्यावर द्यायला जावं तर दोन्ही मिसळून चिखल. तुमच्या वीस मिनिटांत वाळण्याची वाट बघायची सोय नाही. म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे. रेघ जागेवर, रंगाची नोंद जागेवर, आणि रंग त्याच रात्री पंख्याखाली. दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, आणि फोटो उघडायचा नाही.

रंगाची नोंद म्हणजे शब्द लिहून ठेवणं नव्हे. रेघ काढून झाली की समोर बघून रंग कालवा आणि पानाच्या कडेला नखाएवढा ठिपका लावा. भिंतीचा एक, सावलीचा एक, आभाळाचा एक. एवढासा ठिपका पाचएक मिनिटांत वाळतो. रात्री पूर्ण चित्र रंगवताना तोच रंग परत कालवून ठिपक्याशी ताडून बघायचा. फोनने ठरवलेल्या रंगाची भीती उरत नाही, कारण ठिपका तुमच्या डोळ्यांनी ठरवलेला असतो. आकार आणि छाया तुमच्या लक्षात असतात. तुम्ही इंटरमिजिएटला स्मरणचित्र दिलंय ना? परीक्षेत तो पेपर उगाच ठेवलेला नाही. बघणं नीट झालं असेल तर चार तासांनीही हात बरोबर चालतो. मुलांना मी खिडकीबाहेर पाच मिनिटं बघायला लावायची, मग खिडकी बंद करून काढायला सांगायची. आधी नुसतीच झाडं यायची. महिन्याभराने कौलांवरचं शेवाळ यायला लागायचं.

कागद बदलू नका. ३०० जीएसएम बरोबर आहे, पातळ कागद दमटपणाने आधीच लाटा घेतो. कॉटन कागद पाणी जास्त वेळ धरून ठेवतो. मोठ्या आभाळाला ते सुख आहे, पण घाईच्या सहलीत आणि या हवेत तुमचा साधा कागद उलट लवकर वाळेल. फक्त त्यावर पुन्हा पुन्हा घासू नका, कागदाचे तंतू सुटतात. कोल्ड प्रेसच्या खरखरीवर बारीक टोकाचं पेन अडखळतं, म्हणून पॉइंट थ्रीच्या जोडीला एक पॉइंट फाइव्ह ठेवा. झाडाचा बुंधा, चिऱ्याचा सांधा त्याने छान तुटक येतो.

शाईबद्दल एक गोष्ट निघायच्या आधी करून बघा. पेनावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी शाई कागदात मुरायला वेळ लागतो. जलरंगाच्या कागदाला सरसासारखा हात दिलेला असतो, त्यामुळे शाई काही काळ वरच बसून राहते, आणि दमट हवेत तो काळ वाढतो. वहीच्या शेवटच्या पानावर रेघा काढा, एकीवर लगेच ओला कुंचला फिरवा, एकीवर पाच मिनिटांनी, एकीवर पंधरा मिनिटांनी. तुमच्या पेनाला किती दम लागतो ते कळेल. रात्री रंगवणार असाल तर हा प्रश्नच येत नाही, हा त्या पद्धतीचा आणखी एक फायदा. फाउंटन पेन वापरत असाल तर त्यात पिग्मेंटची शाई भरा, फाउंटन पेनसाठी म्हणून मिळते ती. बाटलीतली जुन्या पद्धतीची ड्रॉइंग इंक लाखेची असते, ती आत वाळली की पेन कामातून जातं.

आता इथल्या रंगांबद्दल, कारण बाहेरून येणाऱ्यांचे चिरे मला नेहमी विटांसारखे दिसतात. कोरडा जांभा केशरी-तपकिरी असतो, त्याला बर्न्ट सिएना आणि थोडा यलो ऑकर पुरतो. पावसात भिजलेला जांभा मात्र वेगळाच दगड होतो. बर्न्ट सिएनात क्रिमझनचा एक थेंब आणि अल्ट्रामरीनचं टोक घाला, जवळजवळ जांभळाकडे झुकायला हवा. त्याच्या अंगावर भोकं असतात, ती काढत बसू नका. रंग ओला असताना पेनने चार-सहा ठिपके टाका, शाई जराशी पसरते आणि दगड दगडासारखा दिसतो. गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, खालच्या अंगाला शेवाळ असतं, तिथे रंग ओला असतानाच हिरवा सोडून द्या, तो आपोआप वर चढतो.

हिरव्यासाठी डबीतला सॅप ग्रीन एकटा वापरू नका. आगरातला, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतला, हिरवा एक नाही. पोफळीचा खालचा अंधार, केळीच्या पानातून येणारा पिवळट उजेड, माडाच्या झावळीची चमक, सगळं वेगळं. पिवळा गॅम्बोज आणि निळा अल्ट्रामरीन यांतून उजेडाचा हिरवा काढा, त्यातच बर्न्ट सिएना घातला की सावलीचा मिळतो. हे तीन आणि क्रिमझन, ऑकर एवढे पाच रंग बरोबर असले तरी आठवडा निघतो. काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो करडा होतो तो आमच्या पावसाळी आभाळाला चपखल बसतो.

केशवराजाच्या वाटेवर एक जागा सांगते. साकव ओलांडला की पायऱ्यांची चढण लागते. सगळे धापा टाकत वर जातात. तुम्ही खालीच बसा, घरचे दर्शन घेऊन, गोमुखाचं पाणी पिऊन येईपर्यंत तुम्हाला अर्धा तास मिळेल, वीस मिनिटं नाही. सासूबाईंना त्या पायऱ्या झेपणार नसतील तर त्याही तुमच्याजवळ थांबतील. पायऱ्या काढताना आपली नजर कोणत्या पायरीच्या उंचीला आहे ते आधी शोधा. त्याच्या खालच्या पायऱ्यांचा सपाट भाग दिसतो, जिथे पाय ठेवतो तो. जसजसं नजरेच्या रेषेजवळ येऊ तसतसा तो चपटा होत जातो आणि त्या रेषेच्या वर फक्त उभे दगड दिसतात, एकावर एक. वरच्या पायऱ्यांचेही सपाट भाग काढले की चढण उतार वाटायला लागते. पंचवीस मुलांना घेऊन मी तिथे बसलेली आहे, हे एक कळलं की सगळ्यांच्या पायऱ्या उभ्या राहतात.

आणि हे वहीचं वेड परदेशातून आलेलं नाही. पुण्याच्या गंगाराम तांबटांनी १७९० च्या दशकात पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळला जाऊन लेणी चितारली. ती चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत, इंटरनेटवर बघता येतात. जाण्याआधी एक संध्याकाळ ती बघाच.

रविवारची रेघ

कडेला ठिपके लावायची कल्पना फार आवडली, मी कधी केलेलं नाही. तरी हर्णैला मात्र जागेवरच रंगवा असं मी म्हणेन. किनाऱ्यावर वारा असतो, वॉश लवकर वाळतो. आणि बंदरावरच्या मासळीच्या लिलावाच्या गडबडीत जी रेघ येते ती रात्री येत नाही.

जांभा

हर्णैबद्दल मान्य. तिथे वारा आहे. पण वही दोन्ही बाजूंनी बाइंडर क्लिप लावून धरा, आणि समुद्राचं पाणी रंगाला घेऊ नका. सोयीचं वाटतं, पण मिठाने रंगात डाग उमटतात आणि मागे राहिलेलं मीठ पुढेही ओल खेचत राहतं.

लिलावात माणसं काढायची तर एका माणसाच्या मागे लागू नका. मासळीच्या राशीभोवती जी वाकलेली पाठ दिसते ती दर मिनिटाला दुसऱ्या कोणाची तरी असते, पण वाकणं तेच. बोली लावणाऱ्याचा हात परत परत तसाच वर जातो. एकीचं डोकं, दुसरीची पाठ, तिसरीच्या साडीचा काष्टा असं जोडत गेलात की एक माणूस पूर्ण होतो. त्याआधी जे हलत नाही ते काढून घ्या. मागे समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याची आडवी रेघ, नांगरलेल्या होड्या. बैलगाडी होडीपर्यंत पाण्यात जाते आणि मासळी घेऊन बाहेर येते, ती येताना दिसली की बाकी सोडा आणि तिला घ्या. बैलांचे पाय पाण्याखाली असतात, त्यामुळे अवघड भाग आपोआप वाचतो.

ढगाळ

लंडनहून. माझं आजोळ दाभोळचं म्हणून हा धागा वाचत होते, आणि सुवर्णदुर्गाचं नाव आलं म्हणून लिहितेय. इथे दक्षिण लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर झाडीत एक तीन कोनांचा विटांचा मनोरा आहे, नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. कमोडोर विल्यम जेम्सने १७५५ मध्ये पेशव्यांच्या बाजूने लढत आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. पुढे त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १७८४ मध्ये त्याची आठवण म्हणून हा मनोरा बांधला. मी त्याचं पेन-वॉश स्केच केलंय आणि समोरचं पान मुद्दाम कोरं ठेवलंय. येत्या डिसेंबरात हर्णैला जाईन तेव्हा त्या पानावर खरा किल्ला येईल. गोदाकाठ, तुमच्या हर्णैच्या पानावर ही हकीकत दोन ओळींत जरूर लिहा. प्रवासाच्या वहीत चित्राइतकंच लिहिणं हवं, नाहीतर पाच वर्षांनी ती कुठलीही होडी आणि कुठलाही किल्ला होतो.

गोदाकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू! जांभा ताई, तुमचं वाचून आजच शेवटच्या पानावर शाईच्या रेघा काढून बघितल्या. पाच मिनिटांनी रेघ अजून किंचित पसरते, पंधरानंतर पक्की. म्हणजे रात्रीचंच ठरलं. घरात सगळ्यांना सांगून टाकलंय. मुलगा म्हणतो क्लिपा मी धरीन.

आता आंजर्ल्याच्या घराचं सांगाल का? तिथे कसं बसायचं? परक्याच्या अंगणात वही उघडणं बरं दिसेल का? आणि त्या घराचं पान रात्रीवर सोडावं असं मनाला वाटत नाही.

जांभा

आधी अंगणाबाहेरून हाक मारून सासूबाईंची ओळख सांगा. अमक्यांची लेक, माहेरचं घर बघायला आलेय, एवढं म्हटलं की इकडे कोणी दारात उभं ठेवत नाही. चहा होईलच, आणि चहा म्हणजे तुमची वेळ. काढायची परवानगी मात्र तुम्ही स्वतः विचारा. घराच्या आतलं काढायचं असेल तर वेगळं विचारा.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला सकाळी जाऊन या आणि घराला दुपारचा वेळ द्या, तीननंतरचा. ऊन तिरपं होतं आणि वळचणीची, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडेची, सावली भिंतीवर पडते. कौलारू घर त्या सावलीनेच उभं राहतं. छप्पर आधी काढा. आमची छपरं मोठी, खाली उतरलेली, आणि भिंत त्यांच्या मानाने बुटकी. नाशिकच्या वाड्यांची सवय असेल तर भिंत उंच काढली जाईल, तिकडे लक्ष ठेवा. पेन सुरू करण्याआधी छपराची उंची आणि भिंतीची उंची पेनानेच हवेत मोजून घ्या. कौलं सगळी काढू नका, वळचणीची एक ओळ आणि मध्ये कुठेतरी शेवाळलेली चार-सहा पुरतात.

सासूबाईंना शेजारी खुर्ची द्या. त्या बोलतील. पडवीत झोपाळा कुठे होता, रहाटाचा आवाज कुठपर्यंत यायचा, तुळस आधी या बाजूला होती. जे आता नाही ते चित्रात आणू नका, पण त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत त्याच पानावर, जिथे ती वस्तू असायची तिथे बाण काढून लिहा. हे काम फोटो करू शकत नाही. त्यांना लिहिता येत असेल तर पेन त्यांच्या हातात द्या, अक्षर त्यांचंच येऊ दे. आणि ते घर तुम्हाला जागेवर रंगवायचं असेल तर रंगवा, माझा नियम तिथे लावू नका. फक्त पहिला वॉश छपराला द्या. तो वाळेपर्यंत लिहिणं होईल, मग भिंती.

मुक्कामी आलात की रोजची दोन कामं. वही पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवा, ओल्या पानावर जुन्या सुती धोतराचा तुकडा टाकून मगच मिटा. रंगाची डबी बंद करू नका, ओली बंद केली की आमच्याकडे दोन दिवसांत तिच्यात बुरशी धरते. नवीन चपलांच्या किंवा पर्सच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या चार वहीच्या पिशवीत टाका. हर्णैच्या लिलावाची वेळ त्या दिवशी मुरुडलाच विचारून घ्या, होड्या कधी लागतील त्यावर मागेपुढे होते. पायात जुन्या चपला घाला, बंदरावर चिखल आणि मासळीचं पाणी असतं.